दोन्ही खांद्यांवर उभ्या कोयऱ्या

गारखेडा, औरंगाबाद
रविवार, ८ जानेवारी २०१२

आजच्या रविवार पुरवणीत हिमरू शालीवर एक लेख आला आहे. लेखकाने तीन विधाने केली असून तिन्ही चुकीची आहेत. पहिले, सत्काराच्या वेळी दोन्ही खांद्यांवर कोयऱ्या उभ्या दिसतील अशी शाल दिल्लीकडील एका निर्यात कंपनीने २००८ साली प्रथम कल्पिली. दुसरे, तशी शाल त्यापूर्वी मराठवाड्यात कोणी पाहिली नव्हती. तिसरे, हिमरूचा ताणा रेशमाचा असतो. ताणा सुताचा असतो. रेशीम बाण्यात असते.

मुद्दा साधा आहे. शाल खांद्यांवर घातली की तिचा एक पदर उजवीकडून व दुसरा डावीकडून पुढे येतो. नक्षी एकाच दिशेने विणलेली असेल तर एका बाजूच्या कोयऱ्या उभ्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्या डोके खाली करून लोंबतात. यावर उपाय एकच. शालीच्या मध्यावर, जिथे मान येते तिथे, नक्षीची दिशा फिरवायची. हा उपाय नवाबपुऱ्यातील विणकर दाऊदमियाँ यांनी केला आणि तशी पहिली शाल ५ सप्टेंबर १९८४ रोजी, शिक्षकदिनी, सेवेच्या पंचवीस वर्षांनिमित्त माझ्याच खांद्यांवर पडली. लेखक त्या वेळी जन्मलेले असतील की नाही, शंका आहे.

संपादकांस पत्र लिहिले. सौ. म्हणाली, "अहो, आज रविवार. पोस्ट बंद." उद्या टाकीन.

सोमवार, १६ जानेवारी

पत्र छापून आले. अर्धे कापले आहे. ताणा-बाण्याचा परिच्छेद, जो सर्वांत उपयुक्त होता, तोच गेला. खाली माझे नाव नुसते 'तात्या, गारखेडा'. गेली चाळीस वर्षे हे शहर मला तात्यासाहेब म्हणते.

गुरुवार, १९ जानेवारी

संध्याकाळी गयास आला. दाऊदमियाँचा मुलगा, १९८४ साली माझ्या आठवीच्या वर्गात होता. वडिलांमागे त्यांचे दोन हातमाग तोच चालवतो. सोबत त्याची मुलगी जहांआरा होती. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या एका हातात माझ्या पत्राचे कात्रण, दुसऱ्या हातात इंग्रजी नोटीस.

"मास्तरसाहब, ही शाल आम्ही विणायची नाय म्हणतात," गयास म्हणाला. "नक्श अब्बांचा, आणि नोटीस आम्हालाच. कमाल है."

जहांआराने समजावून सांगितले. त्या कंपनीने २००८ साली हे रूपांकन स्वतःच्या नावे नोंदवले आहे. नोंद आहे तोवर दुसऱ्या कोणी तशी शाल विणून विकली तर भरपाई मागता येते. जर्मनीतील एका दुकानाने गयासकडे अशा चाळीस शाली मागितल्या होत्या. आता ते दुकान म्हणते, रूपांकन निर्वेध असल्याचा कागद तीस जूनपर्यंत द्या. नाहीतर मागणी रद्द.

"दुसरे काही विणता येणार नाही का?" मी विचारले.

"साधी शाल यंत्रमागावर धडाधड निघते, मास्तरसाहब. हाताच्या मागाला हाच एक नक्श पोसतो. जूनपर्यंत बघतो. नाय तर माग मोडीत, अन् मी वाळूजला कारखान्याच्या गेटवर, शिट्टी घेऊन."

तो हसत बोलला. त्याच्या बापाचीही अशीच सवय होती.

मी म्हणालो की नोंदणी कार्यालयाने आधी चौकशी करायला हवी होती. जहांआरा म्हणाली, "सर, ते जुन्या नोंदी बघतात. आपले नवाबपुऱ्याचे माग त्यांच्या नोंदीत कुठून असणार? आपल्याकडे कोणी कधी नोंदवलंच नाही. हा कायदा दोन हजार सालचा. जागतिक व्यापार करारात देशाने शब्द दिला, म्हणून जुना बदलून नवा केला. पण कायद्यात आपल्यासाठीही दार आहे. नोंदणीच्या आधी ते रूपांकन कुठे छापून आलेलं दाखवलं, तर नोंद रद्द होते."

"आणि पैठणीला संरक्षण मिळाले, ते?"

"ते नावाला आहे सर. नक्षीला नाही."

मुलगी वाक्य पूर्ण करते. हल्ली हे दुर्मीळ आहे.

"तुमची शाल दाखवता?"

"पेटीत आहे," मी म्हणालो. "शाळेच्या वार्षिकात छायाचित्रही आहे. दोन्ही काढून ठेवतो. चार दिवसांत काम होईल."

शुक्रवार, २० जानेवारी

पेटीत सतरा शाली निघाल्या. ती नाही.

सौ. पोळ्या लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "ती होय. ती मी दिली. गंगापूरच्या आप्पासाहेबांना, सत्याऐंशी साली."

"मला न विचारता?"

"तुमच्याच हातानं दिली. ते निवृत्त झाले तेव्हा तुम्ही प्रमुख पाहुणे होता. शाळेनं निरोप धाडला होता, येताना शहरातून शाल-नारळ आणा. मी पेटीतली बांधून दिली. तुम्ही घातलीत की त्यांच्या खांद्यावर."

"मग मला ती ओळखू कशी आली नाही?"

"तुम्ही मोटारीत भाषण पाठ करत होता."

पुढे असे उघड झाले की या घरातून गेल्या अठ्ठावीस वर्षांत साठ शाली अशाच गेल्या आहेत, आणि सौ.कडे त्यांची वही आहे. कोणती शाल कोणाकडून कधी आली, कोणाला कधी गेली, सर्व टिपलेले. नोंद ठेवण्याचे कारणही तिने सांगितले. एकदा जालन्यात एका गृहस्थांची शाल फिरून त्यांनाच दिली गेली आणि त्यांनी ती ओळखली. मला हा प्रसंग ठाऊक नव्हता. त्या दिवशी सत्कारमूर्तीचे भाषण फार त्रोटक झाले, एवढेच मला आठवते.

वहीचे शुद्धलेखन भयंकर आहे. मी लाल पेन घेतले. तिने वही काढून घेतली.

शनिवार, २१ जानेवारी

वार्षिक सापडले. छायाचित्रही आहे. परंतु जागा वाचवण्यासाठी ते कापलेले असून माझा चेहरा व केवळ उजवा खांदा दिसतो. एका खांद्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या अंकाचा संपादक मीच होतो.

रविवार, २९ जानेवारी

एस.टी.ने गंगापूर. सोबत जहांआरा. आप्पासाहेब आता हयात नाहीत. त्यांच्या सूनबाई चतुराबाई यांनी अल्बम दाखवला. छायाचित्र स्वच्छ आहे. आप्पासाहेब मधोमध, शाल अंगावर, उजवीकडच्या कोयऱ्या उभ्या. डावा खांदा मात्र माझ्या हाताखाली झाकला गेला आहे.

जहांआराने तोंडावर रुमाल धरला. तिला धुळीचा त्रास असावा.

"शाल नाही हो राहिली इथं," चतुराबाई म्हणाल्या. "आमचे कारभारीमामा एस.टी.त ड्रायव्हर. पैठण डेपोत त्यांचा सत्कार ठरला, पंचवीस वर्षं बिनअपघात. आमच्याकडूनही शाल द्यायची, अन् घरात ऐन वेळी दुसरी नव्हती. सासरे म्हणाले, ही द्या. चांगल्या माणसानं दिलेली आहे, चांगल्याला जाऊ द्या."

परतताना मी हिशेब केला. शाल एकदा अंगावर पडते आणि मग पेटीत तरी राहते, नाहीतर पुढे तरी जाते. पुढे गेलेल्या प्रत्येक वेळी सभा असते, तारीख असते, छायाचित्रकार असतो. पेटीत राहिली असती तर आज माझ्या शब्दावाचून कसलाच पुरावा नसता. हे मी सौ.ला सांगितलेले नाही.

सोमवार, १३ फेब्रुवारी

नवाबपुऱ्यात गयासकडे गेलो. दोन्ही मागांवर चादरी पांघरल्या आहेत. अशा घरात इतकी शांतता बरी वाटत नाही.

गयासने वडिलांची वही काढली. दाऊदमियाँ नक्षीचा जाळा, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारी दोऱ्यांची बांधणी, बांधताना त्यात टिपणे ठेवत. उर्दू घसीट लिपी, घाईत ओढलेली. जहांआरा मराठी शाळेत शिकलेली, तिला उलगडेना, आणि गयासला अक्षरे पुसट दिसतात. मला येते. १९४८ साली निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तोपर्यंत गणित, भूगोल, सर्व उर्दूतून शिकलो. मराठीचा व्याकरणग्रंथ त्यानंतर प्रथमच हाती पडला, आणि कोणी परत घेईल या भीतीने मी तो दोन महिन्यांत पाठ केला.

टिपण असे (आम म्हणजे कोयरी): "२७ जनवरी ८४. कल स्कूल में हेडमास्टर साहब को शाल दी. मास्टर ने कहा, बाएँ कंधे पर आम उलटे लटके हैं. बात सही है. जाला बीच से पलटकर बाँधना होगा. मास्टर की पच्चीस साला पर पहली उसी को दूँगा."

मी ते मोठ्याने वाचले. शेवटच्या वाक्याशी अक्षर जरा अस्पष्ट असल्यामुळे थांबावे लागले.

"अब्बा म्हणायचे ना," गयास म्हणाला, "की हा नक्श मास्तरसाहबचा आहे."

मी त्याला दुरुस्त केले. मी केवळ चूक दाखवली होती. चूक दाखवणे म्हणजे काही निर्माण करणे नव्हे. प्रतिज्ञापत्रात रूपांकनाचे कर्तृत्व संपूर्णपणे दाऊदमियाँचे आहे असे स्पष्ट लिहावे, अशी सूचना जहांआराला दिली.

"तेव्हाच ही नक्षी नोंदवली असती तर?" मी तिला विचारले.

"तर पंधरा वर्षांनी हक्क संपला असता, सर. नव्याण्णवपासून ती सगळ्यांची असती. कंपनीनेही खुशाल विणली असती. आता ती सगळ्यांची होती म्हणूनच कोणीतरी एकट्याच्या नावे लावली."

गयास म्हणाला, "कंपनीनं विणू दे की. मी कुठं अडवतोय. मला विणू दे, बस."

रविवार, ४ मार्च

पैठण. या वेळी सौ.ही आली, म्हणाली, वहीत पुढचा पत्ता लागला पाहिजे.

कारभारी निवृत्त होऊन नदीकाठी राहतात. दूरदर्शन संचाच्या वर, काचेच्या चौकटीत, स्थानिक साप्ताहिकाचे पहिले पान. त्यात डेपोच्या आवारात कारभारी ताठ उभे, शाल अंगावर, दोन्ही पदर पुढे. उजवीकडच्या कोयऱ्या उभ्या. डावीकडच्याही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"व्हय गुरुजी, लई सरळ उभा हाय ना मी," कारभारी म्हणाले. "फोटोवाला म्हनला, हात खाली, खांदं मोकळं. पंचवीस वर्षं ष्टेरिंगवर बसून पाठ गेल्ती, तरी तेवढ्यापुरता ताठलो."

"हे कधीचे?"

"त्र्याण्णव."

पानाच्या माथ्यावर दिनांक होता: १९ ऑगस्ट १९९४. मी तो दाखवला. ते म्हणाले, "मंग त्र्याण्णवला काय झालं हुतं?" त्यांच्या पत्नीने आतून उत्तर दिले की त्र्याण्णवला म्हैस घेतली.

"आणि शाल?" सौ.ने विचारले. तिची वही उघडी होती.

"ती बानाबाईला दिली. दोन हजार एकला. पाऊस पडून गेलता, अंधारून आलतं, अन् ही बाई मेंढरं घेऊन रस्त्यात आडवी. हॉर्न मारला, हलंना. मी खाली उतरून लई बोललो तिला. ती म्हनली, फुडं नाल्याचा पूल गेला, जायचं तर जा. गाडीत चौपन्न मानसं हुती गुरुजी. माझं बिनअपघाती त्या बाईनं राखलं. मंग गावात सभा घेतली अन् माझीच शाल तिला घातली. दुसरी इकत आनली असती, पर ती खरी तिचीच हुती."

दुपारी बानाबाईंच्या वस्तीवर गेलो. त्या धनगर, वय माझ्याएवढे. शाल त्यांच्या अंगावरच होती. अकरा वर्षे पाण्यापावसात, मेंढरांत वापरलेली. रंग उतरला, कड दोन ठिकाणी शिवलेली. मानेपाशी नक्षी फिरते ती जागा मात्र स्पष्ट आहे. अठ्ठावीस वर्षांनी मी ती शाल ओळखली, पहिल्या दृष्टिक्षेपात.

"तुम्ही ही कोणाला दिली नाहीत?" सौ.ने विचारले.

"का द्यावं? लई ऊब हाय," बानाबाई म्हणाल्या. "ह्यात कोकरू गुंडाळून किती थंड्या काढल्या. चांगली वस्तू फिरवीत बसायची व्हय?"

सौ. एकाएकी वहीत काहीतरी शोधू लागली.

जहांआराने शाल का हवी ते सांगितले. बानाबाईंनी ऐकून घेतले आणि शाल काढून घडी केली. "न्या. ज्यानं इनली त्याच्या पोराचं काम हाय. पर दिवाळीच्या आत आना. थंडी पडतीया."

मी पावती लिहून दिली. त्यांनी ती न वाचता मेंढरे राखायच्या काठीला बांधली.

गुरुवार, ८ मार्च

प्रतिज्ञापत्राचा मसुदा. जहांआरा म्हणाली, "सर, सत्याऐंशीचा प्रसंग गाळू या का? ते म्हणतील, ज्या साक्षीदाराला स्वतःच्या हाताने घातलेली स्वतःची शाल ओळखता आली नाही, तो म्हणतो हीच ती शाल. कारभारींचे साप्ताहिक पुरेसे आहे."

तिचे म्हणणे योग्य आहे. शिवाय ते कोलकात्याला, पेटंट कार्यालयात, परक्या लोकांसमोर वाचले जाईल. विचार करतो म्हणालो.

शनिवार, १० मार्च

दोन दिवस विचार केला. सौ.ला विचारले नाही, तरी तिने उत्तर दिले. "गाळलंत तर शाल चौऱ्याऐंशीहून एकदम चौऱ्याण्णवला पोचली कशी? मधली दहा वर्षं उडत होती?"

मग तिने वहीचे पहिले पान पुढे केले. पहिलीच नोंद, तिच्या अक्षरात: 'हीमरू, दोन बाजुंनी ऊभी नक्शी. दाऊदमिया. ८ सपटेंबर ८४, शनीवार.'

"पाच," मी म्हणालो. "शिक्षकदिन."

"पाचला तपासणी आली होती. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर झाला तुमचा सत्कार. मी साबुदाणा भिजवला होता, शनिवारचा उपास ना तुमचा. तुम्ही बुंदीचा लाडू खाल्लात आणि घरी येऊन हळहळलात."

लाडू मला आठवला.

म्हणजे वार्षिकातील दिनांक चूक, माझे संपादकांस पत्र चूक, आणि गेली अठ्ठावीस वर्षे मी जो दिनांक भाषणांतून सांगत आलो तोही चूक. तिच्या त्या नोंदीत शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत आणि वस्तुस्थितीची एकही नाही. मी लाल पेनाचे टोपण लावून ठेवले.

जहांआराला दूरध्वनी करून सांगितले: ८ सप्टेंबर लिहा, वार्षिकात चूक कशी झाली तेही लिहा, आणि सत्याऐंशीचा प्रसंग पूर्ण लिहा. मी त्या वेळी भाषण पाठ करत होतो, हेही.

सोमवार, २ एप्रिल

अर्ज कोलकात्याला गेला. सोबत साप्ताहिकाचे पान, अल्बममधील छायाचित्र, वार्षिकाचा अंक, दाऊदमियाँची वही व तिचे मी केलेले भाषांतर, शाल, आणि सौ.च्या वहीच्या चार पानांची प्रत. प्रतीत मी काहीही सुधारलेले नाही.

मंगळवार, १५ मे

उत्तर नाही. गयासने एका मागाची विक्री ठरवून ठेवली आहे. ग्राहक जुलैत येणार. मला हे जहांआराकडून कळले. त्याने स्वतः सांगितले नाही. मला भेटल्यावर नुसते हवामानाबद्दल बोलला.

मंगळवार, १२ जून

जहांआरा धावत आली. कंपनीच्या वकिलांचे पत्र. पुराव्याची प्रत त्यांना मिळाली. त्यांच्या रूपांकनकाराने २००७ साली एका प्रदर्शनात तशी शाल पाहिली होती आणि ती अनामिक, जुन्या धाटणीची समजून त्यावर काम केले होते. कंपनी अर्जाला विरोध करणार नाही; नोंद रद्द होण्यास तिची संमती आहे, आणि जर्मनीच्या ग्राहकाला तसे लेखी कळवले आहे. शेवटी वकिलांनी लिहिले आहे की सत्याऐंशीचा परिच्छेद वाचल्यावर उर्वरित प्रतिज्ञापत्रावर शंका घ्यावी असे त्यांना वाटले नाही.

पत्र चांगले लिहिलेले आहे. दोनच स्वल्पविराम चुकले आहेत.

नवाबपुऱ्यात गेलो. गयासने पत्र दोनदा ऐकले, मग उठून एका मागावरची चादर काढली, दुसऱ्यावरचीही काढली, आणि दोन्ही झटकू लागला. सगळी धूळ माझ्या अंगावर आली. जहांआरा म्हणाली, "अब्बू, सरांच्या अंगावर." तो म्हणाला, "बसू दे. आज काय बिघडत नाय."

सोमवार, १७ सप्टेंबर

चाळीस शाली गेल्या. एक्केचाळिसावी गयास घरी घेऊन आला. मी म्हणालो, सत्कार नको. सभा नाही, कारण नाही. तो म्हणाला, "सभा कशाला. तुम्ही फक्त बघा, कोयऱ्या बरोबर आहेत का." असे म्हणून त्याने ती माझ्या खांद्यांवर घातली. आरशात पाहिले. दोन्ही बाजू उभ्या आहेत.

सौ.ने वही उघडली, दिनांक लिहिला, आणि 'कोणाला गेली' या रकान्यात आडवी रेघ मारली.

रविवार, २८ ऑक्टोबर

बानाबाईंना शाल परत केली. नोंद रद्द झाल्याचा आदेश मागच्या आठवड्यात आला; त्यांना वाचून दाखवला. त्यांनी विचारले, "म्हंजी आता ही कुनाची?" जहांआरा म्हणाली, "शाल तुमची. नक्षी सगळ्यांची." त्या म्हणाल्या, "मंग बरं," आणि पांघरून मेंढरांकडे गेल्या.

परतल्यावर पाहतो तो आजच्या पुरवणीत या सर्व प्रकरणाची हकीकत. लेखक तेच. दिनांक पुन्हा चुकले आहेत. संपादकांना पाठवायची दुरुस्ती अशी:

दाऊदमियाँनी नक्षी फिरवण्याचे ठरवले: लेखात १९९०. वस्तुतः २७ जानेवारी १९८४.

गंगापूर येथील सत्कार: लेखात १९८९. वस्तुतः ३० एप्रिल १९८७. शाल घालणारे प्रमुख पाहुणे: प्रस्तुत पत्रलेखक.

पैठणच्या साप्ताहिकात छायाचित्र: लेखात १९९३. वस्तुतः १९ ऑगस्ट १९९४. (१९९३ साली म्हैस घेतली.)

बानाबाईंना शाल: लेखात २००३. वस्तुतः सप्टेंबर २००१. दिवस त्यांना आठवत नाही. पूल गेला त्यानंतरचा पहिला बाजार.

पहिल्या शालीचा सत्कार: लेखात ५ सप्टेंबर १९८४. वस्तुतः ८ सप्टेंबर १९८४, शनिवार. ही चूक लेखकाची नाही. ती माझ्या १६ जानेवारीस छापलेल्या पत्रातून त्यांच्याकडे गेली. आधार: सौ. सरूबाई यांची वही, पान पहिले.

आज रविवार, पोस्ट बंद. उद्या टाकीन. सकाळी गारठा असतो. शाल पांघरून जाईन.